एकशे चौसष्ट काचा

आक्का गेल्याची चिठ्ठी मला निपाणीत मिळाली तेव्हा मी एका तंबाखूच्या वखारवाल्याच्या सुनेच्या बाळंतपणात होते. बेळगावहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने ती दारात दिली. वखारवाल्याने ती दाराच्या फटीतून आत सरकवली आणि बाहेरूनच म्हणाला, "बाई, वाईट हाय जनू. पन आदी आमचं आवरा." मूल आडवं होतं. मी आधी त्यांचं आवरलं, हात धुतले आणि मग चिठ्ठी वाचली. 'काशीबाई आज पहाटे वारल्या. लवकर यावे.' मी शहापुरात पोचेपर्यंत तिला नेलेलं होतं. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या ओसरीत, तिला घातलेल्या शेवटच्या अंघोळीच्या पाण्याचे ओघळ तेवढे वाळायचे राहिले होते. पाच आठवडे झाले त्याला. मला रडता येत नाही, आणि लिहायचं तर खरं तेवढंच लिहावं, या समजुतीने हे लिहायला बसले आहे. आक्काविषयी आमच्या गल्लीत एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे तिघांना ठाऊक होतं. त्यातली आक्का गेली, तिचा दीर गेल्या वर्षी गेला, उरले मी.

आक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. माहेर वडगावचं, सासर शहापूरचं. दोन्हीकडे माग. पण तिचा नवरा, माझे दाजी, मागावर बसले नाहीत. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे ते झाडलोट करायला लागले आणि तो दुकान मोडून निघाला तेव्हा त्याचा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन घरी आले. तेव्हा फोटो काचेवर निघत. घरातली रस्त्याकडची खोली त्यांनी त्यासाठी घेतली. दाजींचा हात थरथरायचा, त्यामुळे काच धुणं, छापणं हे सगळं पहिल्यापासून आक्काच करायची. पुढे पुढे फोटोही तीच काढी, दाजी फक्त गिऱ्हाइकाशी बोलत. मग दाजी खोकल्याच्या दुखण्याने गेले. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं ते परत न्यायला कुणी आलं नाही. आक्काने मला शहापूरला आपल्याकडे आणलं आणि दोघींची सोय एकाच खोलीत झाली. मी वीस वर्षांची होते, आक्का तिशीची.

दाजींच्या मागून त्यांचा धाकटा भाऊ बाळाप्पा घरचा कर्ता झाला. त्याला ती रस्त्याकडची खोली हवी होती. तसं सरळ म्हणण्याची सोय नव्हती, कारण गल्ली बघत होती. खंडेनवमीला आमच्याकडे मागाची, धोट्याची, कात्रीची पूजा होते. त्या वर्षी आक्काने कॅमेराही बाहेर आणून मागाशेजारी ठेवला. हळदकुंकू तिला लावता येत नव्हतं म्हणून ते मला लावायला सांगितलं. सोप्यात शेजारपाजारची चार वडीलधारी माणसं प्रसादाला बसली होती. त्यांच्यासमोर बाळाप्पा म्हणाला, "वैनी, ह्ये हत्यार आता माझ्याकडं द्या. बाईमाणसानं एक डोळा झाकून परक्या बाप्यांकडं बगायचं, ह्ये आपल्या घरात शोभत न्हाय."

"मग दोनी डोळं उगडं ठेवून बगते," आक्का म्हणाली. "झालं?"

माणसं हसली. एका म्हाताऱ्याला प्रसादाचा ठसका लागला. तिने एवढं बोलायला नको होतं असं मला तेव्हाच वाटलं. बाळाप्पाला रागावता येत होतं, पण हसू सोसवत नव्हतं. तो म्हणाला, "दोनी डोळ्यांनी बगा की. रोज बगा. उद्याच्या दसऱ्यापास्नं पुढच्या दसऱ्यापतोर रोज एक फोटो काडून दाकवा. झाडाझुडपाचा न्हाय, माणसाचा. एकदा काडलेलं माणूस परत चालायचं न्हाय. काडलेला फोटो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत ह्या सोप्याच्या भिंतीवर लागला पायजे, चार लोकांनी बगायला. एक दिस चुकला की कॅमेरा माझा, खोली माझी, आणि तुमी रहाटावर बसून कांड्या भरायच्या, घरातल्या बायकांगत."

"आनि वर्स भरलं तर?"

"तर दारावर तुमच्या नावाची पाटी मी सोता ठोकीन."

आक्का म्हणाली, "खिळं चांगलं आनून ठेवा भावजी. पावसात गंजायचं न्हाईत असं."

पैज ही एवढी होती. आज ऐकताना पोरखेळ वाटतो. पण कांड्या भरणं म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्याला वाटणार नाही. भिंतीशी पाठ, एका हाताने रहाट, दुसऱ्या हाताने धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळायचं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, आणि घरातल्या विधवेला तर त्यातून मरेपर्यंत सुटका नाही. आक्काला तेवढं टाळायचं होतं. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

दसऱ्याला पहिला फोटो तिने माझा काढला. सोप्यासमोर अंगण, अंगणापलीकडे शेजाऱ्यांची चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत. सकाळी दहाच्या सुमाराला त्या भिंतीवर ऊन पडायचं आणि अंगणातल्या सावलीत एक मऊ उजेड यायचा. आक्का त्या वेळेसाठी थांबायची. ती म्हणायची, "ऊन तोंडावर पडायला नगं, भितीवर पडू दे. भित आपसूक तोंडाला उजेड देती." मग हनुवटीला एक बोट लावून माणसाचं तोंड हवं तेवढं फिरवायची, काळ्या कापडात डोकं घालायची, बाहेर यायची, भिंगाचं झाकण काढून मनात मोजायची आणि परत लावायची. माणसाला ताठ उभं करणं तिला आवडायचं नाही. "शेंदूर फासल्यागत उबा राहू नगंस," असं ती भल्याभल्यांना सुनवायची. लोकांना तेही आवडायचं.

छापण्याचं काम माझ्याकडे होतं. काच आणि कागद चौकटीत दाबून उन्हात ठेवायचे, रंग चढला की आत नेऊन धुवायचे. आणि शेवटचं एक काम होतं, तेही माझंच. त्या काचांना तांबडा रंग दिसत नसे. तांबडं ते काळं येई. आमच्याकडची माणसं सावळी, चेहराही फोटोत काळसर येई, आणि त्यात कपाळावरचं कुंकू बुडून जाई. सवाष्णीचा फोटो बिनकुंकवाचा देणार कसा? म्हणून कागद वाळला की बारीक ब्रशने कपाळावर दाट काळ्या शाईचा एक ठिपका द्यायचा. दाजींच्या वेळेपासूनची ही रीत. माझ्या स्वतःच्या फोटोवर मीच ठिपका दिला. नवऱ्याने टाकलेलीचं कुंकू म्हणून चांगलं ठसठशीत दिलं.

पहिले दोन-तीन महिने गल्लीला जत्रेचं सुख होतं. रोज कोण उभं राहणार यावर आदल्या दिवशी भांडणं व्हायची. भिंतीवर ओळी चढत गेल्या. संध्याकाळी माग थांबले की माणसं सोप्यात येऊन बघायची. बघायची पण काय? विणकरच ते. चेहऱ्यावर कुणाची नजर ठरायची नाही. ह्याच्या पटक्याचा काठ बघ, तिच्या साडीचा पदर कुठल्या मागावरचा, ओळख. निळी साडी फोटोत पांढरीफटक यायची, त्यावरून तर रोज थट्टा. समोरच्या घरातली गंगव्वा जिभेने तिखट. एका म्हातारीचा निळ्या साडीतला फोटो बघून ती मोठ्याने म्हणाली, "आक्का, म्हातारा जिता असताना म्हातारीला पांढरं नेसीवलंस की गं!" म्हातारा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "असू दे, असू दे. तेवडंच माज्या मागं तिला सवय व्हईल." सगळे हसले. आक्काही हसली. असल्या थट्टा तेव्हा चालत होत्या.

माघातल्या एका सकाळी आक्काने त्याच गंगव्वाचा फोटो काढला. ती आणि तिचा नवरा परसू गल्लीत पाजणी करत होते. पाजणी म्हणजे ताण्याचं सूत रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब ताणायचं आणि त्याला खळ लावून कुंच्याने सारखं करायचं. गंगव्वा कुंचा धरून वाकली होती. आक्का म्हणाली, "तशीच वर बग गंगव्वा, सरळ हू नगं." काच फार चांगली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती छापली, कागद वाळत घातला, आणि तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून शिपाई आला. सुईणीच्या शिक्षणासाठी मी अर्ज केला होता. तिथल्या मडमेने लगेच भेटायला बोलावलं होतं. मी वेणी घातली, धुतलेलं लुगडं नेसले, वाळलेला कागद घाईने सोप्याच्या भिंतीवर तिसऱ्या ओळीत लावला आणि पळाले. ठिपका द्यायचा राहिला.

संध्याकाळी मी जागा मिळाल्याच्या आनंदात परतले. सोप्यात गंगव्वा आणि परसू फोटो बघत उभे होते. परसू बोट लावून सांगत होता, "बग, ताना कसा सुतात आलाय. एक तार ढिली न्हाय." गंगव्वा म्हणाली, "तार बगतोय मेला. बायकू हाय तितं, ती बग की." पण तीसुद्धा ताणाच बघत होती. दुसरं कोणतं गाव असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी कपाळ बघितलं असतं. आमच्या गल्लीने सूत बघितलं. आणि मी तर बघितलंच नाही.

तीन आठवड्यांनी परसूला ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. वय तीस-बत्तीस. त्या वर्षी तापाने शहापुरात, बेळगावात बरीच माणसं गेली. त्यात फोटो निघालेली थोडीच होती, पण हा हिशेब कुणी केला नाही. तेराव्याला आलेले पाहुणे आमच्या सोप्यातही बसले होते, कारण गंगव्वाचं घर लहान. बाळाप्पा सगळ्यांना पानसुपारी देत होता. ती देता देता तो भिंतीपाशी थांबला. हातातल्या अडकित्त्याने त्याने तिसऱ्या ओळीतला तो फोटो दाखवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ह्ये कुनी बगितलंय का? कपाळ बगा."

मग एक बाई उठून जवळ गेली. मग दुसरी. "सगळ्यांच्या कपाळाला हाय. हिच्याच न्हाय." कुणीतरी म्हणालं, "फोटो काडला तवा परसू जिता हुता न्हवं?" आणि मग जे म्हणायचं ते कुणीतरी म्हणालंच, "विदवेचा हात लागला. दुसरं काय."

बाळाप्पाला ठिपक्याची रीत ठाऊक होती. तो रोज मला ब्रश घेऊन बसलेली बघत होता. त्याने त्या वेळी माझ्याकडे बघितलं, हे मी शपथेवर सांगेन. बघितलं आणि नजर काढून घेतली. माझं नाव घेऊन त्याला काही मिळणार नव्हतं. कॅमेरा माझा नव्हता.

मी आत गेले. आक्का चुलीपाशी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "आक्का, मी सांगते त्यास्नी. ठिपका माझा राहिला. हात तुझा न्हवता, माझा हुता." हे मी आतल्या खोलीत म्हटलं. सोपा दहा पावलांवर होता. सांगायचंच असतं तर तिथे जाऊन सांगितलं असतं, आत येऊन परवानगी मागितली नसती.

आक्काने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "आनि मग? तुला बाळंतिनीच्या खोलीत कोन घेईल? हिनं गंगव्वाचं कुकू पुसलं म्हनतील. शिकून आलीस तरी दारातनं हाकलतील."

"आनि तुला?"

"मी तर आदीच पांढऱ्या कपाळाची. मला आनि काय लागनार हाय? गप बस तू, शांते."

मी गप्प बसले. तिने सांगितलं म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. तसं नाही. तिने सांगितलं नसतं तरी मी गप्पच बसले असते. दोन दिवसांनी मला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. मी तेवढंच बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतलं कुणी उभं राहीना. भिंतीवरचे फोटो बायका येऊन काढून नेऊ लागल्या. काही जणींनी ते नेऊन चुलीत घातले. त्यांना भिंतीवरून काढायला बाळाप्पाने स्टूल दिलं. आक्काने कुणाला अडवलं नाही. ती तिपाई खांद्यावर टाकून आणि कॅमेरा पाठीला बांधून सकाळी निघायची आणि अनगोळ, उचगाव, काकतीच्या वाटेवर कुठेही, जे अनोळखी माणूस थांबेल त्याचा फोटो काढून आणायची. एका गाडीवानाचा काढला, एका कन्नड बोलणाऱ्या मडकीवालीचा काढला. त्या मडकीवालीने नकोनको म्हणत आपल्या पाटीतलं मडकं पुढे धरलं, त्याचाच फोटो काढ म्हणून. मी शिकायला जाऊ लागले होते, संध्याकाळी येऊन छापायची मिळालेल्या उजेडात, आणि आता प्रत्येक सवाष्णीला दोनदा बघून ठिपका द्यायची. असे बारा दिवस गेले. पण बातमीही बाजाराच्या वाटेनेच फिरते. बाराव्या दिवशी उचगावच्या बाजारात एका म्हातारीने पोरं आडोशाला घेतली आणि आक्काला म्हणाली, "तू ती शापूरची न्हवं? जा बाई पुडं." त्या दिवशी एक झिंगलेला माणूस उभा राहिला. तो एकशे चौसष्टावा.

दुसऱ्या दिवशी कुणीच मिळालं नाही. गुढीपाडवा तीन दिवसांवर आला होता. आक्का दहाच्या आत घरी परत आली. दवाखान्यातून मला त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, "एक मानूस ऱ्हायलंय, जेचा अजून काडला न्हाय." मला उमगेना. तिने अंगणात नेहमीच्या जागी स्टूल ठेवलं, त्यावर केरसुणी उभी करून कॅमेरा नीट लावून घेतला, काच भरली, केरसुणी काढली आणि स्वतः बसली. पदर सारखा केला. हनुवटीला स्वतःचंच बोट लावून तोंड भिंतीकडे थोडं फिरवलं. म्हणाली, "मी म्हनले की झाकन काड. पाच मोज. लाव." मी काढलं, पाच मोजले, लावलं. तिने सांगितलं त्यापलीकडे मी काही केलं नाही.

फोटो वेळेत छापून वेळेत भिंतीवर लागला. दिवेलागणीला बाळाप्पा चार माणसं घेऊन आला. खंडेनवमीला बसलेलीच माणसं. त्याने फोटो बघितला. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "शांताबाई, झाकन कुनी काडलं?"

आक्का माझ्याकडे बघत होती. गंगव्वाच्या फोटोच्या वेळी खरं बोलायची जागा होती, तेव्हा मी आत जाऊन बसले. इथे खोटं बोलायची जागा होती. दोरी बांधून तिनंच ओढलं असं म्हटलं असतं तरी कुणी खोदून विचारलं नसतं. त्या चार माणसांतल्या दोघांना तरी हे सगळं मिटलेलं हवं होतं. मी म्हटलं, "मी."

"म्हंजी फोटो तुमी काडला. वैनींनी न्हाय."

एक म्हातारा म्हणाला, "बाळाप्पा, येवडं काय धरतोस रं."

"ठरल्यालं ते ठरल्यालं, आप्पा." आणि तो आक्काला म्हणाला, "खरं हाय न्हवं वैनी?"

आक्का उठली. म्हणाली, "खरं हाय. शांता खोटं बोलत न्हाय." ती हे कुठल्या अर्थाने म्हणाली, ते मला आजही ठरवता येत नाही. मग तिने कॅमेऱ्याचं काळं कापड झटकून घडी केलं आणि त्याच्यावर ठेवलं. पाडव्याच्या गुढीला खोलीत बाळाप्पाचं सामान आलं, आणि आक्का माजघरात रहाटावर बसली.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. बाळाप्पाने खोलीच्या दारावर आपल्या नावाची पाटी ठोकली आणि तीन-चार वर्षं फोटोचं दुकान चालवलं. त्याच्या फोटोतली माणसं शेंदूर फासल्यासारखी ताठ उभी. कुंकू मात्र एकीचंही चुकलं नाही, कारण ठिपके द्यायला त्याने माणूस ठेवला होता. मग धंदा बसला, महायुद्धात तर काचा, कागद काहीच मिळेना, आणि कॅमेरा माळ्यावर गेला. आक्काच्या वापरलेल्या काचा त्याने सोड्याच्या गरम पाण्यात घालून घासून घेतल्या आणि मागाच्या खोलीच्या खिडकीला एकाला एक जोडून बसवल्या. उजेड बरा येतो म्हणाला. मी त्या जवळून बघितल्या आहेत. कुठे कुणाचं नाक, कुणाचा हात उरलेला असेल असं वाटलं होतं. काही उरलं नव्हतं. चांगल्या घासल्या होत्या.

मी शिकले, निपाणीला गेले, तिथेच राहिले. माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणतात. लांबलांबच्या खेड्यांतून मला गाडी येते. ज्या खोलीत कुणाला जाऊ देत नाहीत तिथे मला पायघड्या आहेत. हे सगळं आक्काच्या रहाटावर उभं आहे, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही. महिन्यातून एकदा मी तिला भेटायला जायची. सकाळच्या मोटारीने नऊला पोचायची आणि संध्याकाळी परत. तिला लुगडं न्यायची, औषध न्यायची. आम्ही बोलायचो ते सांधेदुखीबद्दल, सुताबद्दल, माझ्या बाळंतिणींबद्दल. फोटोचा विषय तिने कधी काढला नाही, आणि मी तर काढणारच नव्हते. गंगव्वा समोरच्या घरात, तीही रहाटावरच. एकमेकींच्या उंबऱ्यापासून पंधरा पावलांवर दोघी वीस वर्षं कांड्या भरत बसल्या आणि बोलल्या नाहीत. आक्काची सावली पडली तर गंगव्वा सुताची पाटी आत घ्यायची, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आक्काच्या दहाव्याला मी गंगव्वाकडे गेले. आता माझं काही बिघडण्यासारखं नव्हतं, म्हणून गेले, हेही खरं तेच लिहिते. ती उंबऱ्यात बसून वाटीत चहा पीत होती. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तांबडं काळं कसं येतं, ठिपका कसा देतात, त्या दिवशी दवाखान्यातला शिपाई कसा आला.

तिने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी समद्यांची कुकवं तू काडल्याली? शाईची?"

"व्हय."

"आनि आमी बाया खरी समजून बगत हुतो..." ती हसल्यासारखं करून थांबली. "तिला म्हाईत हुतं ह्ये?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"ती माज्या दारात आली हुती एकदा. परसूला वर्स झालं तवा. काय तरी सांगायचं हुतं तिला. मी अंगावर पानी फेकलं." गंगव्वाने वाटी उचलली, त्यात बघितलं, आणि राहिलेला चहा मोरीत ओतून टाकला. "तू आता सांगालीस. मी कुनाला सांगू गं ह्ये? जिला सांगायचं तीच जळली की. माज्या गळ्यात कशापाई आनून बांदलंस?" आणि मग, मी वळल्यावर पाठीमागून म्हणाली, "जा तू निपानीला. तुजी मोटार चुकंल."

मोटारीला वेळ होता. मी आक्काची जागा आवरायला माजघरात गेले. एक चटई, दोन लुगडी, सांध्याचं तेल. बाळाप्पाची सून सुमन मदतीला आली. चांगली पोर आहे, कामाला वाघ. तीच आपणहून बोलायला लागली. "मावशी, आता दहा वाजलं की घर रिकामं वाटतंय बगा. आत्याबाई दहाला रहाट थांबवायच्या. रोज. अंगनात जायच्या आनि जे कोन गावंल तेला त्या पांढऱ्या भितीसमोर उबं करायच्या. मी, पोरं, दूधवाला, कोनबी. हनुवटीला बोट लावून तोंड फिरवायच्या, आनि पाच मोजून हूं म्हनायच्या. झालं. परत येऊन रहाटावर. आमी हसायचो सुरवातीला. मामंजी वरडायचे, सूत खोळंबतंय म्हनून. पन एक दिस चुकल्या न्हाईत बगा. तापात बी भितीला धरून उटायच्या. मला तर किती येळा उबं केलं आसंल."

मी विचारलं, "मी यायची त्या दिवशी?"

सुमन तेलाची बाटली पुसत होती. ती जरा थांबली. "तुमी येनार असला की सकाळीच आटपायच्या. आट वाजताच कुनाला तरी उबं करायच्या, उजेड नसला तरी. मग दिसभर उटायच्या न्हाईत."

मी चटई गुंडाळली. वीस वर्षं महिन्यातून एकदा मी नऊला त्या घरी पोचत होते, आणि दहाला आक्काचा रहाट चालूच असायचा. मी समोर बसून बघत असे. मला वाटायचं, काम फार असेल.